कॅमेऱ्यासमोरचा मावसभाऊ

त्याला सगळे भिंत म्हणायचे. नळदुरुस्ती करणाऱ्याचा सतरा वर्षांचा पोरगा, ताडमाड उंच. फुटबॉलच्या कुमार गटाच्या अंतिम सामन्यात त्याने लागोपाठ तीन पेनल्टी अडवल्या आणि आठवड्याभरात त्याचा चेहरा बसच्या पाठीवर झळकला. बुटांच्या कंपनीने करार केला. बाप कुणाकडे नळ बसवायला गेला, की लोक गळती सोडून पोराचंच विचारायचे.

एकालाच कशाचं अप्रूप नव्हतं. तो लिफ्टदुरुस्तीचं काम शिकायचा. खिशात कायम स्क्रू, म्हणून नावही स्क्रू. "चौथी पेनल्टी सुटली, ती कुठल्याच मुलाखतीत कशी सांगत नाहीस रे?" असं तो चिडवायचा आणि भिंतला जगात फक्त त्याच्याजवळच हलकं वाटायचं. वर्षभर दोघांचं जमलं होतं. घरात ते एकट्या ताईला ठाऊक होतं.

मग मैदानामागच्या जिन्यात दोघं हातात हात घालून बसलेले असताना कुणीतरी फोटो काढला. बघता बघता तो सगळीकडे पसरला.

कंपनीचा माणूस घरी आला, गोड बोलला. "दोन वाक्यांचं काम आहे. तो नातेवाईक आहे म्हणायचं, संपलं."

"सांगून टाक," बाप जमिनीकडे बघत म्हणाला. "मला रोज लोकांच्या घरात जावं लागतं."

"आणि त्या मुलाचं काय?" ताईने विचारलं. 

कॅमेऱ्यासमोर भिंत हसला. "तो? मावसभाऊ आहे माझा. लहानपणापासून चिकटलाय, सुटतच नाही." पत्रकार खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी तो स्क्रूच्या खोलीवर गेला. स्क्रूने दार अर्धंच उघडलं.

"या, मावसभाऊ. मावशी बरी आहे ना?"

"ऐक ना, मला तसं बोलायला लावलं..."

"चिकटलाय हेसुद्धा त्यांनीच शिकवलं?"

 तो शब्द भिंतचा स्वतःचा होता.

महिन्याभरात स्क्रूने शहर सोडलं, नंबरही बदलला.

दोन वर्षांनी, वारं फिरल्यावर, भिंतने एका कार्यक्रमात सांगून टाकलं, "मी गे आहे." सभागृह उभं राहिलं. कंपनीच्या त्याच माणसाने मिठी मारली, "काय धाडस रे तुझं!" बाप म्हणाला, "आता चालतं म्हणे." अनोळखी पोरांची पत्रं येऊ लागली.

ताईने खटपट करून स्क्रूचा नवा नंबर मिळवला. भिंतने लांबलचक माफी लिहून पाठवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. "कार्यक्रम बघितला. छान बोललास. मला पुन्हा शोधू नकोस."

त्याने ते सरावाआधी कपडे बदलायच्या खोलीत वाचलं. बाहेर शाळेतली मुलं सहीसाठी थांबली होती. तो गेला, सह्या दिल्या, फोटो काढले.

एका मुलाने हळूच विचारलं, "दादा, तुला कधी भीती नाही वाटली?"

"छे," भिंत म्हणाला.