गायीची पसंती

मोडनिंबचा तो शेड बांधणारा खालच्या आवाजात बोलल्याचे मी कधी ऐकले नव्हते. यंत्रांच्या घरघरीवर ओरडण्याची त्याची सवय चहा पितानाही सुटत नसे.

माझी गाय ऐन वैशाखात विणार होती. उन्हाने तिला धाप लागे. तिच्यासाठी त्याने घाईने पत्र्याचे शेड उभे केले आणि जाहीर केले, "आबा, हितं तर लगीन लावावं!" गाय दारापर्यंत आली, आत डोकावली आणि मागे फिरून उन्हात उभी राहिली.

"लई शेफारलीया," तो गरजला. त्याने तिला कडबा दाखवला, शिव्या दिल्या, शेवटी व्याख्यान दिले. गाय ढिम्म.

"तूच बसून दाखव की," मी म्हणालो.

तो भर दुपारी आत जाऊन बसला. त्याच्यासाठी ओतलेला चहा निवण्याआधीच बाहेर आला, सदरा पिळला आणि शिवारभर ऐकू जाईल असा ओरडला, "बाई, तुजंच खरं हाय!" हे तो गायीला म्हणाला, मला नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्रे उतरवले, छप्पर उंच केले, माथ्याशी वाऱ्याला वाट ठेवली आणि वर उसाचे पाचट अंथरले. संध्याकाळी गाय आपणहून आत गेली, बसली आणि रवंथ करू लागली.

मी सहसा कोणाची स्तुती करीत नाही. त्या दिवशी म्हणालो, "शेड उत्तम झाले."

त्याने ओठांवर बोट ठेवले. "हळू, आबा," तो कुजबुजला, "बसलीया."