परळच्या फाटकापाशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हालाच का सांगतोय — मलाही नीटसं माहीत नाही. इतकंच, की दारावर अनोळखी थाप पडली की अजून मी आतल्या खोलीकडे सरकतो. ऐंशी ओलांडलेल्या माणसानं कशाला भ्यायचं? पण भितो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी लालबागच्या चाळीत राहायचो, एका कंत्राटदाराकडे मुकादम होतो. परळला एका खासगी प्रसूतिगृहाच्या आवारात फाटकापासून पोर्चपर्यंत डांबरी रस्ता करायचा होता. पावसाळ्यात तिथं गाड्या रुतायच्या, दिवस भरलेल्या बायकांना उचलून आत न्यावं लागायचं. खाली मोठे दगड बसवायचे, वर खडी पसरून रोलर फिरवायचा, मग उकळतं डांबर आणि बारीक खडी. डांबर शिजवायला धोंडू होता, घोडपदेवचा. धुरानं डोळे कायम लाल, हात कोपरापर्यंत काळे. डांबर कितपत तापलंय ते तो नुसत्या वासावरून सांगायचा. त्याची बायको लक्ष्मी घमेली वाहायची. मी मुकादम खरा, पण हे काम मला शिकवलं धोंडूनंच.

त्या सकाळी मोर्चा आमच्या रस्त्यावर आला आणि लाठीमार सुरू झाला. माणसं फाटकाकडे धावली. वॉचमन पांडू घाबरून आत पळाला. फाटक मी उघडलं. आत छातीएवढा खडीचा ढीग होता. "घ्या रे, उचला!" — ओरडणारा मीच. आणि मीही एक मोठा दगड उचलला. फेकला. एक हवालदार तोंड धरून मटकन खाली बसला, बोटांमधून रक्त. तो माझाच दगड होता का? होता. हातातून सुटल्यापासून त्याच्या तोंडापर्यंत मी तो बघितला.

धोंडूनंही बघितलं. तो पिंपापाशी उभा राहून डांबर ढवळत होता.

तुम्हाला यात मर्दुमकी दिसत असेल. थांबा जरा.

मी मागे जाऊन रॉकेलनं हात धुतले. परत आलो तर आवारात पोलीस. सगळ्यांना ओळीनं बसवलेलं. त्यांच्या साहेबानं मला एकट्याला पोर्चमध्ये नेलं.

"फाटक कोणी उघडलं? दगड कोणी मारला? बोल, नाहीतर तुलाच उचलतो."

मला कुणी मारलं नाही. एक चापटसुद्धा नाही — हे लक्षात ठेवा. त्याच्या बुटांवर आमच्याच खडीची धूळ होती, मी तिकडे बघत होतो. आणि मग जीभ सुटली.

"धोंडूनं," मी म्हणालो. "तो डांबरवाला."

इतक्या लांबून धोंडूला काही ऐकू गेलं नाही. दोघांनी दंड धरून त्याला गाडीकडे नेलं, तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मुकादम, डांबर उतरव, जळेल. आणि लक्ष्मीला घरी पोचव."

पोचवली. वाटभर ती रडत होती आणि मी एकच हिशेब करत होतो — तो माझं नाव सांगेल का? मी मिशी काढली. कामावर जायची वाट बदलली. जिन्यावर बूट वाजले की मोरीत जाऊन उभा राहायचो. तो आत मार खात होता, आणि मला भीती माझी.

खटला न चालवता त्यांनी त्याला कित्येक महिने डांबून ठेवलं. सुटल्यावर तो आपण होऊन माझ्या खोलीवर आला. उजव्या हाताची बोटं मोडून वाकडी बसलेली. चहाची बशी त्यानं डाव्या हातानं धरली.

"तुझं नाव नाही काढलं मी," तो म्हणाला. "अजून कोण होतं म्हणून लय विचारलं त्यांनी. नाही काढलं." आणि हसला — घरच्या माणसाला काही आणून द्यावं, तसा.

मग म्हणाला, "पण माझं नाव कोणी दिलं असेल रे?"

तेव्हा सांगता आलं नसतं? समोर मोडक्या हाताचा माणूस. पोलीस नाहीत, साहेब नाही. कशाला भ्यालो मी? — त्याच्या त्या हसण्याला, बहुतेक. ते चेहऱ्यावरून जाताना मला बघवलं नसतं.

"पांडूनं," मी म्हणालो. "वॉचमननं. मी कानांनी ऐकलं."

पांडू धोंडूच्याच चाळीत राहायचा, दोन दारं सोडून. त्या काळात पोलिसांचा खबऱ्या म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नळावर पांडूच्या बायकोची कळशी लाथाडली जायची. दारावर शेण पडायचं. एक दिवस तो माझ्याकडे आला, हात जोडून.

"मुकादम, तुम्ही होतात तिथं. सांगा ना त्यांना, मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"मला काय माहीत?" मी म्हणालो. आणि दार लोटलं.

महिन्याभरात तो बायको-पोरांना घेऊन गावी गेला.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी धोंडू पेढे घेऊन आला. डाव्या हातानं एक माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला. पुढे कित्येक वर्षांनी तो गेला, तेव्हा मी खांदा दिला. लक्ष्मी मला शेवटपर्यंत भाऊ म्हणत होती.

पांडूचं पुढे काय झालं, मी कधी चौकशी केली नाही. त्याचं गाव मला ठाऊक होतं.