शकुबाईने धुतलेली दाढ

आमच्या डेंटल कॉलेजात शकुबाई एकोणीस वर्षं दात धुते. हसू नका. उपटलेले दात ओपीडीतून गोळा करायचे, चिकटलेलं मांस खरवडायचं, नळाखाली धुऊन बाटलीत भरायचे आणि माझ्या लॅबमध्ये आणायचे, हे तिचं काम. माझं काम ते मोडायचं. डॉक्टर पोरं दातावर फिलिंग चिकटवतात, मी दात मशीनला लावतो, फिलिंग सुटेपर्यंत मशीन जोर लावतं. किती जोराला सुटलं, तो आकडा वहीत लिहायचा. झालं संशोधन! तुकडे उचलायला परत शकुबाईच.

बाई सिन्नरकडची, तोंडाने फटकळ. दात हातात घेऊन माणसाची कुंडली सांगायची. "ही मिश्री लावणारी. हा गुटख्याचा, मेला."

नवरा सावळीराम सातपूरच्या कारखान्यात प्रेसवर होता. तीन वर्षांपूर्वी त्याच्या जिभेला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग जबड्याला रेडिएशनचे तेहतीस शेक दिले. जीव वाचला, पण लाळ आटली आणि कोरड्या तोंडात दात हिरडीपाशी किडून काळे पडले. आमच्या योगिनी मॅडमचा अभ्यास नेमका हाच, शेक घेतलेल्या दातावर फिलिंग टिकतं का. त्यांनी सावळीरामचे दात स्वतः भरले आणि शकुबाईला बजावलं, "फिलिंग पडलं तर पुन्हा भरू. दुखलं तर आतली नस साफ करू. पण दात काढायचा नाही. शेकलेलं हाड भरून येत नाही, जबडा सडतो."

शकुबाईने मान डोलावली. पण डोक्यात माझं मशीन बसलेलं. एकोणीस वर्षं तिने फिलिंग सुटतानाच पाहिलं होतं. सुटेपर्यंत आम्ही मशीन थांबवतच नाही, हे तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं!

एका दाढेचं फिलिंग दोनदा पडलं. तिसऱ्यांदा मॅडमनी नवीन मटेरियल लावलं आणि परिषदेसाठी बाहेरगावी गेल्या. इकडे दाढ ठणकायला लागली. सावळीराम भिंतीला डोकं टेकून बसायचा, पेजसुद्धा घशाखाली उतरेना. शकुबाई माझ्याकडे आली. "धनराजभाऊ, ओपीडीत सांगा ना, आमच्या मालकांना लवकर घ्या म्हणावं. रांगेत बसवत नाय त्यांच्यानं."

मी फोन केला. "स्टाफचा माणूस आहे, पटकन घ्या." कशासाठी ते विचारलं नाही. एक शब्द विचारला असता तर काय जीभ झडली असती माझी?

केसपेपरवर प्रश्न असतो, पूर्वीचा मोठा आजार. शकुबाईने 'नाही' लिहायला लावलं. हो म्हटलं की जुन्या उपचाराचे कागद आणायला परत पाठवतात, हे तिला पाठ होतं. डिसेंबरची थंडी, गळ्यावरचा व्रण मफलरखाली. नवीन डॉक्टरने दुखऱ्या दाढेपलीकडे काही न बघता पाच मिनिटांत ती काढली. त्या रात्री सावळीराम शांत झोपला, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने मला पेढा दिला. मी खाल्ला.

जखम भरलीच नाही. तिने मॅडमपासून दोन महिने लपवलं, हळद-मिठाच्या गुळण्या देत राहिली. भोकात हाड दिसायला लागलं, तोंडाला वास सुटला, तेव्हा कुठे दाखवायला आणलं. मॅडमनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, खालचा अर्धा जबडा काढावा लागेल.

त्याच आठवड्यात तिने माझ्या टेबलावर एक बाटली ठेवली. "त्यांची दाढ हाय. तवाच धुऊन ठेवली व्हती. लावा मशीनला. भरून काय उपयोग व्हता का नव्हता, कळंल तरी."

तिला काय हवं होतं ते मला कळलं. ते फिलिंग फटकन सुटायला हवं होतं, म्हणजे दाढ काढली त्यात तिची चूक नव्हती असं झालं असतं. देवाशपथ, मलाही तेच हवं होतं.

मशीन सुरू केलं. आकडा चढायला लागला. नेहमी जिथे सुटतं तिथे सुटेना. चढला, अजून चढला. मग टक्क झालं. पाहिलं तर दाढच फुटली होती. फिलिंग तुकड्याला तसंच घट्ट.

"किती आला?" तिने विचारलं.

"काही नाही, लगेच सुटलं," मी म्हणालो. पोरांनी आकडा जरा इकडेतिकडे केला तर वही भिरकावणारा माणूस मी. "त्यात दमच नव्हता शकुबाई. तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत."

 तिने सवयीने ट्रे ओढला, चिमट्याने तुकडा उचलून उजेडात धरला. फिलिंगच्या कडेला नख घालून पाहिलं. दोनदा पाहिलं.

"माझ्याशी खोटं बोलू नका, भाऊ. एवढं तरी कळतंय मला."

तो तुकडा घेऊन ती बेसिनपाशी गेली आणि धुवायला लागली. स्वच्छच होता तो. बऱ्याच वेळाने मी जाऊन नळ बंद केला. तिने परत सोडला.