दोघांना एकच नंबर

त्रिवेणीबाई बीदरकरांनी एकतीस वर्षं सरकारी शाळेत कारकुनी केली, आणि त्यांच्या दाखल-खारिज रजिस्टरात दोन मुलांना एकच नंबर कधी म्हणजे कधी पडला नाही. हे त्या आपणहून सांगत नसत. कुणी विचारलंच, तर मात्र चहा ठेवून सविस्तर सांगत.

निवृत्तीनंतर बाई हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या घरात पोथी वाचत बसतील, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बाईंनी वेबपानं तपासण्याचा कोर्स केला आणि कुकटपल्लीच्या एका लहानशा कंपनीत तीन महिन्यांच्या बोलीवर कामाला लागल्या. तिथला प्रमुख वरुण पुण्याचा; पोरगा गुणी, पण सदा घोड्यावर. पानांचं एचटीएमएल, म्हणजे पानामागचा सांकेतिक मजकूर, नियमात बसतं की नाही, हे बाईंनी पाहायचं. तपासणीचं साधन चुकांची लाल यादी काढायचं, आणि ती यादी ऑफिसात कुणीही वाचायचं नाही.

"काकू, एचटीएमएल कुणी हाताने लिहीत नाही; फ्रेमवर्क नावाचं तयार साधन ते आपोआप लिहितं," वरुण समजावायचा. "थोडं चुकलं तर ब्राउझर सांभाळून घेतो. पान नीट दिसतंय ना? मग झालं तर!"

त्या दिवशी अंबरपेठच्या एका मराठी शाळेचा प्रवेशअर्ज चार वाजता खुला व्हायचा होता. बाईंची बोली संपायला आठवडा उरला होता. अडीच वाजता चाळीस ओळींची यादी वाचता वाचता सदतिसाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. एकच आयडी पानावर दोनदा आला होता. आयडी म्हणजे पानावरच्या रकान्याचा स्वतःचा नंबर. बाई ताडकन उठल्या.

"वरुण, हे पान खुलं नको करूस."

"काकू, दीड तास राहिलाय. राईचा पर्वत नका करू."

"हौ, राईच आहे. पण लोकांच्या लेकरांच्या अर्जात पडलीय. बस इथं. तुला दोन लेकरं आहेत समज, रेणू आणि ओंकार. भर अर्ज."

वरुणने हसत हसत फोनवर दोघांची नावं भरली.

"आता ओंकारला कमी ऐकू येतं. तशी खूण करायची चौकट केवढीशी! आईबाप शब्दांवरच अंगठा ठेवणार. ठेव."

ओंकारच्या भागातल्या 'कमी ऐकू येतं' या शब्दांवर वरुणने अंगठा टेकवला. खूण उमटली ती वर, रेणूच्या चौकटीत. ओंकारची चौकट कोरीच. त्याने पुन्हा टेकवला, तर रेणूचीच खूण गेली. दोन्ही भावंडांसाठी एकच साचा वापरताना नंबर बदलायचा राहून गेला होता, म्हणून ओंकारच्या शब्दांना त्या नंबराची पहिली चौकट, रेणूचीच, सापडत होती.

"ज्याला ऐकू येत नाही ते लेकरू मागच्या बाकावर बसणार," बाई म्हणाल्या, "आणि पान नीटच दिसणार."

वरुणचं हसू कुठल्या कुठे गेलं. तो साचा दुरुस्त करायला बसला आणि बाई उरलेल्या एकोणचाळीस ओळी एकेक करून निपटू लागल्या. सव्वाचारला शाळेचा फोन आला. बाईंनी कान टवकारले. पोराने खापर आपल्या माथी फोडलं, तर नोकरी आजच संपली.

वरुण उभा राहिला. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं बोलला. "नाही सर, मुद्दाम खुलं केलं नाही. चूक माझी होती, आमच्या बीदरकरबाईंनी पकडली. त्या हो म्हणेपर्यंत पान खुलं होणार नाही."

बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. पडद्यावरची नजर मात्र हलली नाही.

"साहेबांना सांग," त्या म्हणाल्या, "सहा वाजतील."