अर्ध्यावर सोडलेली सोलं

त्या मे महिन्यात मला ऑफिसातून बोलावणं आलंच नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, बायकोलाही नाही. मुंबईची आगबोट मालवणच्या बंदराबाहेर थांबली होती, पडाव मला तिच्याकडे नेत होता आणि आई किनाऱ्यावर उभी होती. रातांब्यांच्या रसानं तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. माझ्या रजेचे तीन आठवडे अजून शिल्लक होते.

टायफॉइडमधून उठून मी हवापालटासाठी घरी आलो होतो. वडील आधीच गेलेले, बहीण गावातच दिलेली. घरात आम्ही दोघंच. सकाळी घरापुढचं खळं झाडायचं, विहिरीचं पाणी माडांना घालायचं, मग रातांबे फोडायला बसायचं. गर आणि बिया मिठात घालून मडक्यात, साली चटईवर उन्हात. सुकल्या की त्या मडक्यातल्या रसात बुडवायच्या आणि परत उन्हात. याला पुट देणं म्हणतात. पाच-सहा पुटं झाली की सालींची सोलं, म्हणजे आमसुलं, होतात, काळी आणि मऊ.

मुंबईत मी दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाईप करत असे. त्यांचं पुढे काय झालं ते कधी कळलं नाही. इथे सकाळी पसरलेली साल संध्याकाळी बोटांना वेगळी लागायची. एवढ्यावर मी खूश होतो. आई एकेक साल माझ्या हातात देऊन विचारायची, "सुकली मां रे?" मला वाटे, शिकवतेय.

एकदा शेजारचे दाजीकाका गडग्यावरून म्हणाले, "काय रे मुंबयकारा, आवशीच्या हाताखाली नोकरी धरलंस? बढती कधी?"

आई हसली, मीही हसलो. पण ते आत जाऊन बसलं. खरं सांगायचं तर काकांच्या बोलण्यापेक्षा मी माझ्याच सुखाला घाबरलो. मला परत जावंसंच वाटत नव्हतं. मॅट्रिक झालेला मुलगा साली उलटण्यात रमतो, हे मलाच सोसेना. तिसऱ्या दिवशी मी आईला खोटंच सांगितलं, की साहेबांनी ताबडतोब बोलावलंय.

तिचा हात मडक्यातच थांबला. मग म्हणाली, "जा, झिला. उरलेली पुटां मी देतलंय."

दिवाळीला गावच्या माणसाबरोबर सोलांचं पुडकं आलं. उघडलं तर पांढरी बुरशी. जिच्याकडून अख्खी वाडी सोलं मागून न्यायची, तिची ही सोलं. मी ती फेकली आणि पत्रात लिहिलं, झकास झाली आहेत. पुढच्या वर्षी तेच पुडकं, तीच बुरशी, तेच पत्र.

चतुर्थीला घरी गेलो तेव्हा बहिणीनं मला मागीलदारी नेऊन सांगितलं, "आयेक तू रजेर इल्लंस त्याच वर्सा धड दिसा नाय हुतां. तू बाजूक बसान करी हुतंस म्हणान निभावलां. तुका सांगा नको म्हणाली."

म्हणजे ती शिकवत नव्हती. माझ्या बोटांनी बघत होती.

आता रविवारी मी मुंबईच्या खोलीत तांदूळ निवडतो, स्टोव्ह घासतो, गॅलरी धुतो. बायको म्हणते, माझ्या कामात लुडबुड नको. पण ताट मांडीवर घेतलं की जीव जागेवर येतो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे इकडे आले, त्यांना हे कळेल. घर म्हणजे मला आता कौलं नाहीत, माडही नाहीत. दोन माणसं एका चटईशी बसून दिवस संपवतात, ती जागा.

मी चतुर्थीला चार दिवस जातो, तेव्हा खळ्यात चिखल असतो आणि सोलांचा विषय कुणी काढत नाही. आई मात्र दर उन्हाळ्यात चाचपडत पुटं देते, कारण मी दरवर्षी छान म्हणून लिहितो. आता एस.टी. कणकवलीवरून थेट मालवणात उतरवते; मे महिन्यात न जायला बोट मिळाली नाही म्हणायलाही जागा उरलेली नाही.

मी तिला एक अख्खा मे महिना देणं लागतो.