सर रजेवर आहेत

वाघमारे सर संगणकाच्या फाइलमधली ओळ कधी पुसत नसत. चुकीची असली तरी तिच्यापुढे हॅशचं चिन्ह टाकत, म्हणजे संगणक ती ओळ सोडून देई, आणि वर मराठीत कारण लिहीत. "पुसलं की कारण बी जातंय, मॅडम. मागून येणाऱ्याला कळावं, आपुन कुठं चुकलो ते." मला हा नसता घोळ वाटे. मी गणिताची बाई, चुकलेलं खोडून मोकळी होणारी.

ताडकळसच्या आमच्या शाळेतले जुने संगणक लिनक्स या मोफत प्रणालीवर चालत, ते सरांच्याच जिवावर. स्वतः तयार केलेले धडे एका डिस्कमध्ये भरून ते रोज चुडाव्याहून मोटारसायकलवर आणत. डिस्क डब्याच्या पिशवीत, चपात्यांच्या शेजारी. मुख्य संगणक सुरू होताना ती आपोआप जोडली जावी, अशी ओळ त्यांनी घालून ठेवली होती. डिस्क तेवढी आधी लावलेली हवी. सर कधी गैरहजर राहत नसत, त्यामुळे एखाद्या दिवशी ती आलीच नाही तर काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्यासुद्धा.

मग सर परभणीला दवाखान्यात भरती झाले आणि सोमवारी संगणक सुरूच होईना. दीड मिनिट डिस्कची वाट पाहायचा आणि काळ्या पडद्यावर अडून बसायचा. बाकीचे संगणक त्याच्याच भरवशावर, दहावीचा वर्ग ताटकळलेला. मी सरांना फोन लावला, तोही तणतणतच.

सर फार हळू बोलत होते. पडद्यावरची एकेक ओळ त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. "आधी वाचा, मग भ्या," हे त्यांचं नेहमीचं. मग डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घालायला लावला.

"आता डिस्क न्हाई आली तरी अडायचं न्हाई."

संगणक सुरू झाला. मी फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, "मॅडम, कारण लिहा."

काय लिहू, मी घाईघाईत विचारलं.

"लिहा, सर रजेवर हायत. आले की हा शब्द काढावा."

मी लिहिलं आणि वर्गावर पळाले. तब्येत कशी आहे, एवढं विचारायचं राहून गेलं. त्याची लाज अजून वाटते. गुरुवारी सर गेले.

मी सरांच्या घरी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी सांगितलं, डॉक्टरांनी रविवारीच हात टेकले होते, आणि सरांना ते ठाऊक होतं.

संगणक आता रोज बिनतक्रार सुरू होतो. मुख्याध्यापक म्हणतात, ती डिस्कची ओळ कशाला ठेवलीय, बंद करा. मी दोनदा फाइल उघडली. हॅश टाकायला एक बोट पुरतं. पण सरांच्या रिवाजाप्रमाणे वर कारण लिहावं लागेल, आणि ते माझ्याच्यानं लिहवत नाही. सर अजून रजेवर आहेत.