टायरची आतली कड

टायरच्या दुकानात चाकांचं अलाइनमेंट करणाऱ्या त्या माणसाला सगळे ओळंबामास्तर म्हणत. मशीन नव्हतं तेव्हा ते दोरी आणि ओळंबा धरून चाक किती झुकलंय ते सांगायचे. पुढे मशीन आलं, पडदा आला, पडद्यावर हिरवे-लाल आकडे आले, पण नाव काही सुटलं नाही. आणि माणूसही तसाच, सरळसोट. "सहा महिने हवा तपासायची नाही आणि गाडी एकीकडे ओढते म्हणून माझ्या नावानं शंख करायचा? वा रे वा!" असं ते भल्याभल्यांना तोंडावर सुनवायचे. डॉक्टर असो, वकील असो, मुलाहिजा नाही. तीस वर्षं लोक त्यांच्या शिव्या खाऊन गेले आणि तीस वर्षं परत आले.

या तोफेच्या तोंडून फक्त एक माणूस सुटला होता. जावई.

आणि नशीब बघा, ज्याला सुनवायला जीभ रोज शिवशिवावी असा तोच एक निघाला! चांगली धडधाकट गाडी होती त्याची. रोज सकाळी बायकोला ऑफिसात, पोरीला शाळेत सोडून स्वतः कामावर जायची गाडी. तिला यानं आखूड स्प्रिंग घालून पार जमिनीला टेकवली. का? तर छान दिसते! आता गाडी अशी खाली बसवली की पुढच्या चाकांचं डोकं आत कलतं, आणि टायर सपाट टेकायचा सोडून आतल्या कडेवर घासत चालतो. बूट एका बाजूनं झिजावा तसा झिजतो. बाहेरून बघाल तर नवाकोरा. हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं असं नाही. दोनदा सांगितलं. पण कसं? "जावईबापू, आतून जरा झिजतंय, सवडीनं बघा." सवडीनं! हेच दुसऱ्या कुणाला सांगायचं असतं तर अख्ख्या गल्लीनं ऐकलं असतं.

मग घरी दाढी करताना ते आरशातल्या माणसालाच फैलावर घेत. "अक्कल गहाण ठेवलीय का? गाडी आहे की पाट?" आरशातला माणूस काय बोलणार! तो बिचारा साबणाचा फेस पुशीत राही.

त्या शनिवारी सकाळी गाडी दुकानात आली. पुढे मुलगी, मागे पाच वर्षांची नात. दुसऱ्या दिवशी पहाटे तिघं जावयाच्या बहिणीकडे निघणार होती, चारशे किलोमीटर.

"हिनंच धोशा लावला, निघायच्या आधी बाबांकडून अलाइनमेंट करून घेऊ म्हणून," जावई म्हणाला. "खरं तर गरज नाही. मागच्याच महिन्यात त्या नव्या दुकानात केलंय. हे बघा." त्यानं कागद पुढे केला. सगळे आकडे हिरवे, काठावर का होईना.

मास्तरांनी कागद घेतला, दात आवळले आणि "वा" म्हणाले.

मुलीच्या बोटाला पट्टी होती. "काय झालं गं?"

"सुरी लागली," ती म्हणाली, आणि त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. दगदग झाली असेल, असं मास्तरांना वाटलं.

गाडी मशीनवर चढली. रिकाम्या गाडीचे आकडे कागदासारखेच आले. "बघा!" जावई खूश. मास्तरांची मात्र एक जुनी खोड होती. गाडी कधी रिकामी चालत नाही, मग रिकामी मोजायची कशाला? "आता बसा बघू तिघंही," ते म्हणाले. "रोज बसता तसेच." तिघं बसली. गाडी आणखी खाली गेली आणि पडद्यावर एकामागून एक आकडे लाल झाले.

जावयानं खिडकीतून मान बाहेर काढली. "बाबा, तुमचं मशीन जुनं झालंय."

मशीन जुनं झालंय! दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर तो त्या दिवशी पायी घरी गेला असता. मास्तर म्हणाले, "असेलही."

सगळ्यांना खाली उतरवून त्यांनी नातीला कोपऱ्यातल्या टायरांच्या चळतीवर बसवलं. "इथून उठायचं नाही हं. आणि मोठी माणसं काम करत असली की मध्ये बोलायचं नाही." नातीनं शहाण्यासारखं ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी गाडी जॅकवर उचलली, पुढचं चाक सोडवलं आणि फिरवून आतली बाजू समोर आणली. कडेचं रबर नावालाही उरलं नव्हतं. वीतभर लांबीत आतल्या पोलादी तारा उघड्या पडल्या होत्या. याच चाकावर आपली पोर रोज बसते. याच चाकावर नात शाळेत जाते. आणि उद्या चारशे किलोमीटर!

शिव्यांची सगळी रांग घशापर्यंत आली. आली आणि तिथंच अडली. "जावईबापू," ते म्हणाले, "हे जरा... टायर बदलले तर बरं पडेल. जमलं तर, निघायच्या आधी."

जावई वाकला. आतल्या कडेवरून त्यानं ओझरती नजर टाकली आणि बाहेरच्या कडेवर बोट टेकलं. "अहो, नक्षी केवढी शिल्लक आहे! चार महिन्यांचे टायर आहेत. आल्यावर बघू ना."

"आल्यावर म्हणजे..." मास्तर पुटपुटले.

"आल्यावर?" मुलगी एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यावरचा माणूस थबकला. पण ती नवऱ्याकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. "आणि बाबा, 'जमलं तर'? जमलं तर?" तिनं बोटाची पट्टी ओढून काढली. "मला सुरी नव्हती लागली. ही तार घुसली होती. पंधरा दिवस झाले. लहानपणी तुम्ही शिकवलंत ना, चाकाच्या आतून हात फिरवायला? तसाच फिरवला होता."

"पंधरा दिवस?" आता कुठे मास्तरांचा आवाज फुटला. "आणि तू त्या गाडीत बसत होतीस? पोरीला घेऊन?"

"बसत होते. रोज मळमळतंय म्हणून सांगायचे. तेवढाच हा हळू चालवायचा."

जावयाचा चेहरा उतरला. "अगं, मग मला सांगायचं ना!"

"सांगायचं? लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांनी मला याच दुकानात बसवून काय सांगितलं, माहितीये? म्हणाले, तुझी जीभ माझ्यावर गेलीय. माझी इथं खपते, तुझी तिथं खपणार नाही. नवऱ्याच्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत, गाडीला तर मुळीच नाही. संसार टिकवायचा तर तोंड मिटून राहा." तिनं जॅकवरच्या गाडीकडे हात केला. "म्हणून गाडी इथं आणली. म्हटलं, मी नाही तर निदान बाबा बोलतील. साऱ्या दुनियेला झाडतात, याला नाही का झाडणार? आणि तुम्ही 'सवडीनं' म्हणता, 'जमलं तर' म्हणता!"

मास्तर पाना हातात धरून तसेच उभे राहिले. सांगितलं होतं खरं. नुसतं सांगितलं नव्हतं, वर चार लोकांत मिरवलंही होतं, पोरीला चांगलं वळण लावून पाठवली म्हणून. डोंबलाचं वळण! संताप एवढा झाला की कुणावर काढावा तेच कळेना.

शेवटी तो जावयावर निघाला, कारण तो समोर होता. "गाडी इथून हलणार नाही," मास्तर गरजले, आणि या वेळी गल्लीनं ऐकलं. "नवे टायर आणि पहिल्या उंचीचे स्प्रिंग घालीन, मगच किल्ली देईन. राग आला तर सहा महिने माझ्या घरी जेवायला येऊ नका! पण या तारांवर माझी माणसं बसणार नाहीत."

जावई चाकाशी उकिडवा बसला, आतल्या कडेवरून त्यानं हळूच हात फिरवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"आजोबा," कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "आता मध्ये बोललं तर चालेल?"

नात केव्हाची तशीच बसली होती, ओठांवर बोट ठेवून. डोळे पाण्यानं भरलेले. मास्तर पाना टाकून धावले.

"काय गं बाळा, काय झालं?"

"पाय अडकलाय माझा टायरमध्ये. मघाशीच. खूप दुखतोय."

"अगं, मग मघाशीच सांगायचं ना!" मास्तर म्हणाले.

"तुम्हीच तर म्हणालात, बोलायचं नाही."